समजतं, पण बोलता येत नाही

नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्याही बिल्डिंगच्या जिन्यात रविवारी सकाळी थोडा वेळ थांबलं तर एकाच घरातून दोन भाषा ऐकू येतात. सटाणा, कळवण, मालेगाव, देवळ्याकडून मुलाकडे राहायला आलेली आजी अहिराणीत बोलते. मुलगा तिला अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत उत्तर देतो. नातवंडं मराठीतच बोलतात, मध्ये मध्ये इंग्रजी. आजी विचारते, ‘‘जेवण व्हयनं का रे?’’ नातू म्हणतो, ‘‘हो, झालं.’’ त्या नातवाला विचारा, तुला अहिराणी येते का? उत्तर ठरलेलं असतं. ‘‘समजतं, पण बोलता येत नाही.’’

भाषा मरते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेवटचा माणूस येतो. जानेवारी २०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर नावाची वृद्धा गेली आणि तिच्याबरोबर ‘बो’ भाषा संपली, ही बातमी तेव्हा जगभर छापून आली. वाचून आपणही हळहळलो. पण कसमादे पट्ट्याची, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याची अहिराणी किंवा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या सुरगाणा-पेठमधल्या आदिवासींची कोकणा बोली अशी एका माणसाबरोबर जाणार नाही. ती दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सगळे हयात असताना, कुणाच्या लक्षातही न येता चालली आहे. युनेस्कोने धोक्यातल्या भाषांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यात बोलणारे किती, यापेक्षा पुढची पिढी ती घरात शिकते का, याला जास्त वजन आहे. भाषा बहुतेक मुलांच्या तोंडी आहे, पण घर किंवा अशा मोजक्याच ठिकाणी उरली आहे, अशी अवस्था असेल तर ती असुरक्षित. मुलं घरात ती मातृभाषा म्हणून शिकेनाशी झाली की ती निश्चित धोक्यात. सिडकोतल्या त्या नातवाचं उत्तर या दोन पायऱ्यांच्या मधोमध कुठेतरी आहे, आणि खाली उतरणारं आहे.

हे मी लांबून लिहीत नाही. मी बागलाणातली, म्हणजे सटाण्याकडची. माझं बालपण अहिराणीत गेलं. पाचवीत असताना गुरुजींनी हजेरी घेताना शेजारणीबद्दल विचारलं, तर मी उभी राहून म्हणाले, ‘‘गुरुजी, ती आज उनी नही.’’ वर्ग हसला. तालुक्याच्या गावाहून आलेली मुलं सगळ्यात जास्त हसली. गुरुजींनी मला ‘ती आज आली नाही’ हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावलं. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या दृष्टीने ते मला शिकवत होते. पण त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायला लागले.

पुढे नाशिकला कॉलेजात आले, मराठी घेऊन शिकले आणि सव्वीस वर्षं मराठीच शिकवलं. या सव्वीस वर्षांत किती वह्यांमध्ये ‘उना’, ‘गयथा’, ‘मना भाऊ’ यांच्याखाली मी लाल रेघ मारली असेल, याचा हिशेब नाही. शेजारी ‘आला’, ‘गेला होता’, ‘माझा भाऊ’ लिहून द्यायचे. ते मूल चुकलेलं नव्हतं, ते दुसऱ्या भाषेत बरोबर लिहीत होतं, एवढं एक वाक्यही मी कधी समासात लिहिलं नाही.

कारण ती खरोखरच वेगळी भाषा आहे, तिला तिचं व्याकरण आहे. मराठीत ‘माझा, तुझा’, अहिराणीत ‘मना, तुना’. मराठीत ‘आहे’, अहिराणीत ‘शे’. ‘मी घरी जातो आहे’ याला ‘मी घर जाई ऱ्हायनू’. ‘करून’ला ‘करीसन’. गुजरातीतलं ‘छे’ आणि तिथले नो-नी-नुं प्रत्यय ज्याने ऐकले आहेत त्याला ही ठेवण ओळखीची वाटेल. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने शंभरेक वर्षांपूर्वी भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा खानदेशीला, म्हणजे अहिराणी जिच्यात येते त्या भाषेला, मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या खंडात घातलं. त्याचं वर्गीकरण सगळ्यांना मान्य आहे असं नाही. मराठी म्हणा की गुजराती-मराठीच्या मधली म्हणा, अभ्यासकांचा तो वाद चालू राहू द्या. मला एवढंच म्हणायचं आहे, की जिला नियम आहेत ती अशुद्ध मराठी असू शकत नाही. आपण मात्र ती तशीच वागवली, आणि मुलांनी ते बरोबर ओळखलं. मुलं भाषा विसरण्याआधी तिची लाज बाळगायला शिकतात.

आता २०२५ च्या उन्हाळ्याची आठवण काढू. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आली. महाराष्ट्र पेटून उठला. जूनमध्ये सुधारित निर्णय आला, पण विरोध थांबला नाही आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या दोन महिन्यांत आपण काय काय बोललो ते आठवून पाहा. सहा वर्षांच्या मुलावर इतक्या भाषांचा बोजा टाकू नका. आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, मग बाकीच्या. जी भाषा मुलाच्या कानावर घरात पडत नाही ती पहिलीत लादणं अन्याय आहे. मी स्वतः हे सगळं बोलले, सभांना गेले, सह्या केल्या. यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे.

आणि हाच शब्द न् शब्द सुरगाण्याच्या पाड्यावरच्या पोराच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या घरात कोकणा बोली आहे. त्याच्यासाठी पहिलीतली मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. आपण मुंबई-पुण्याच्या मुलासाठी जे भांडून मिळवलं, ते नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या मुलाला देताना मात्र ‘ती काय, बोलीच आहे, मराठीच आहे’ असं म्हणून मोकळे होतो. अल्पसंख्य भाषेचं दुःख काय असतं हे मराठी माणसाला दिल्लीकडे बघताना नेमकं कळतं. पेठकडे बघताना कळत नाही. माझा सगळा वाद एवढ्याच मुद्द्यावर आहे.

माझी एक मैत्रीण बरीच वर्षं सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. एकदा पावसाळा संपता संपता मी तिच्याकडे गेले होते. दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग होता. तिने मुलांना विचारलं, ‘‘पावसाळ्यात तुमच्या शेतात काय काय कामं असतात?’’ वर्ग गप्प. एका मुलाकडे बोट केलं, तो उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. बाहेरून आलेला कुणीही म्हणाला असता, याला काही येत नाही. मग ती म्हणाली, ‘‘मला नको सांगू. घरी आजीला सांगतोस ना, तसं या शेजारच्याला सांग.’’ त्या पोराने शेजाऱ्याकडे तोंड केलं आणि बोलायला लागला, तो थांबेचना. उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपांसाठीची जागा, कसा भाजतात, त्यासाठी पाला-शेण कुठून आणतात, पहिल्या पावसाला त्यात पेरलेलं आवण, म्हणजे रोप, किती वाढलं की उपटायचं, नागलीचं आवण डोंगरउतारावर कसं लावतात आणि भाताचं खाचरात कसं. मग खेकड्यांवर आला. कुठल्या दगडाखाली कुठला खेकडा असतो, बिळात हात घालताना पंजा कसा धरायचा, हे हात करून दाखवायला लागला. मला निम्मंच कळलं. पण एवढं कळलं की त्या विषयावर वर्गात माझ्यासकट कुणापेक्षाही त्याला जास्त माहीत होतं. मैत्रिणीने मग फळ्यावर त्याचेच दहा-बारा शब्द लिहिले आणि प्रत्येकासमोर मराठी शब्द. काही शब्दांसमोर तिला मराठी शब्द सापडेना, तेव्हा ती जागा तशीच मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागांकडे मुलं मोठ्या अभिमानाने बघत होती.

या प्रसंगात एक गोष्ट माझ्या मागाहून लक्षात आली. ही मैत्रीण देवळ्याकडची, म्हणजे तिची स्वतःची मायबोली अहिराणी. अहिराणी बोलणारी शिक्षिका आणि कोकणा बोलणारी मुलं, आणि दोघांची गाठ पडते ती प्रमाण मराठीत, जी दोघांच्याही घरात बोलली जात नाही. आपल्या जिल्ह्यात असे किती वर्ग असतील!

कोकणा या नावानेही या लोकांचं नुकसान केलं आहे. ते स्वतःच्या भाषेला कोकणी म्हणतात, कुणी डांगी म्हणतं. शहरात कोकणी म्हटलं की गोवा आणि मासे आठवतात. गोव्याची कोकणी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. तिच्यासाठी मोठा लढा झाला आणि ते योग्यच झालं. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या डोंगरातल्या कोकणीचं त्यात काही नाही. जनगणनेच्या तक्त्यात ही कोकणा आणि वारली दोन्ही ‘भिली’ या मोठ्या गटाखाली जातात. तिथेही त्यांची नावं शोधावी लागतात.

त्याआधी एकदा मात्र या भाषेला फार भाव आला होता. मुंबई राज्याचं विभाजन व्हायचं होतं तेव्हा सुरगाण्याला लागून असलेल्या डांगची हीच बोली मराठी की गुजराती यावर दोन्ही बाजूंनी जोरजोरात युक्तिवाद झाले. भाषा साक्षीदार म्हणून उभी केली गेली. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेलं, सुरगाणा महाराष्ट्रात राहिलं, एकच भाषा बोलणारी सोयरी माणसं दोन राज्यांत वाटली गेली. तिकडच्या मुलाला शाळेत गुजराती, इकडच्या मुलाला मराठी. हद्द ठरली आणि साक्षीदाराला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझ्या लेकरांनी कुठल्या भाषेत शिकायचं?

त्या डोंगरात थाळगान आहे. काशाच्या थाळीत मधोमध मेण लावतात, मेणात एक काडी उभी करतात आणि ती काडी चिमटीत धरून वरून खाली सुतत राहतात. त्यातून एक घुमणारा, न तुटणारा सूर निघतो. त्या सुरावर कथा सांगणारा रात्रभर कणसरीची, म्हणजे धान्याच्या आईची, कथा गातो. मी एकदाच ऐकली आहे. मध्यरात्रीनंतर मुलं झोपून गेली होती. ज्या जागत होत्या त्या म्हाताऱ्या बाया, त्या मध्ये मध्ये हुंकार देत होत्या. आपण असं काही बघितलं की लगेच म्हणतो, हे जपलं पाहिजे, याचं रेकॉर्डिंग झालं पाहिजे. व्हायलाच हवं. पण रेकॉर्डिंग करून हुंकार देणारं माणूस तयार होत नाही. कथेला ऐकणारा लागतो आणि ऐकणाऱ्याला भाषा लागते. ती भाषा त्या झोपलेल्या मुलांकडे किती दिवस राहील, हा प्रश्न कथेच्या जतनाआधीचा आहे.

म्हणून भाषेच्या महोत्सवांबद्दल मला फारशी आशा नाही. त्यांचा राग नाही. अहिराणीची साहित्य संमेलनं भरतात, अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर भरपूर प्रेक्षक मिळतात, लग्नात ती गाणी वाजली की सिडकोतली पोरं नाचतात. आनंद आहे. पण ज्या पोराला गाणं पाठ आहे आणि आजीला एक वाक्य बोलता येत नाही, त्याच्याकडे भाषा पोहोचली असं मी म्हणणार नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या या गावात मराठी भाषा गौरव दिनाचे कितीतरी कार्यक्रम होतात. त्यात ‘बोलींचा जागर’ असतो. बऱ्याचदा तो विनोदी प्रवेशाच्या रूपाने येतो. लुगडं नेसलेली म्हातारी अहिराणीत भांडते आणि सभागृह हसतं. तशा सभागृहात मी बसले आहे, माझ्या शेजारी माझी आई बसलेली असताना.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. सिडकोतून वर पाहिलं की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून घेतला आहे, तो प्राकृतात. संस्कृतात नाही. मराठीच्या प्राचीनतेचा धागा आपण ज्या प्राकृतापर्यंत नेतो, तीही त्या काळी संस्कृतासमोर लोकांची, साधी बोलीच होती. अभिजातपणाचा मान मिळवताना आपण बोलीचाच आधार घेतला. मग घरातल्या बोलींना अशुद्ध म्हणायचा अधिकार आपल्याकडे कुठून आला?

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकू येतात. एक घराघरातून, दुसरा मराठीच्या काळजीतून.

घरातला आक्षेप खरा आहे आणि त्याची मी कधीच टर उडवणार नाही. आई-बाप म्हणतात, अहिराणीने पोट भरतं का? आम्ही बोललो आणि लोक हसले, आमच्या मुलांना कुणी हसू नये. सुरगाण्यातला बाप आपल्या पोराला नामांकित इंग्रजी निवासी शाळेत घालण्यासाठी अर्ज करतो, कारण त्याने स्वतः तहसिलात, दवाखान्यात, बँकेत आपल्या बोलीमुळे खाली मान घालून उभं राहणं सोसलं आहे. त्याला ‘तुझी संस्कृती जप’ असा उपदेश शहरातल्या माणसाने करणं बरं नाही. पण या आक्षेपात एक हिशेब चुकतो. आपण धरून चालतो की मुलाच्या डोक्यात जागा ठरलेली आहे, एक भाषा काढली की दुसरी बसते. तसं नसतं. घरची भाषा भक्कम असलेलं मूल मराठी आणि इंग्रजी जास्त चांगलं शिकतं, कारण वाचणं म्हणजे काय, गोष्ट म्हणजे काय, प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे त्याने कळणाऱ्या भाषेत आधीच शिकून घेतलेलं असतं. खेकड्यांबद्दल दहा मिनिटं बोलणारं ते पोर मंदबुद्धी नव्हतं. मराठीत विचारलेल्या प्रश्नाने ते तसं ठरणार होतं. पहिलीत गप्प बसलेली अशी मुलं चौथीत मागे पडतात, आठवीत शाळा सोडतात, आणि मग आपण म्हणतो आदिवासी मुलांना शिक्षणाची आवड नाही. पोटाचाच प्रश्न असेल तर पोटासाठीही पहिली दोन-तीन वर्षं घरच्या भाषेला सोबत घेणं फायद्याचं आहे.

दुसरा आक्षेप असा, की अहिराणी, कोकणा, वारली वेगळ्या मोजल्या तर मराठी दुबळी होईल, मराठीचे तुकडे पडतील. मराठीच्या चांगल्या, तळमळीच्या माणसांकडूनही मी हे ऐकलं आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, देशात तिसरा क्रमांक. त्याच जनगणनेत अहिराणीसह खानदेशी सांगणारे होते सुमारे १८ लाख ६० हजार. आठ कोटींच्या भाषेला साडेअठरा लाखांची भीती वाटायचं कारण नाही. उलट चिंता करायची तर दुसऱ्या आकड्याची करा. २००१ मध्ये तोच आकडा सुमारे २० लाख ७५ हजार होता. त्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली आणि खानदेशी सांगणारे दोन लाखांहून अधिक कमी झाले. ती माणसं कुठे गेली? माझा अंदाज आहे की ती जागच्या जागीच होती. विचारल्यावर त्यांनी ‘मराठी’ सांगितलं, किंवा न विचारताच कुणी ‘मराठी’ लिहून टाकलं. माझ्या घरी तेव्हा काय लिहिलं गेलं, ते मला माहीत आहे.

मग करायचं काय? मला मोठ्या योजना सुचत नाहीत आणि त्यांच्यावर फारसा विश्वासही नाही. पण राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. राज्यातल्या पाचशेच्या घरातल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार इथून चालतो. गंगापूर रोडवरून दोन तासांत पाड्यावर पोहोचता येतं. सुरुवात इथून होणार नसेल तर कुठून होणार?

पहिली जागा अंगणवाडी. तिथली सेविका त्याच गावातली असते, तिची भाषा मुलांचीच असते. म्हणजे सरकारला भाषेचा शिक्षक शोधायची गरज नाही, तो आधीच मानधनावर आहे. पण तिचं प्रशिक्षण, तिची गाणी, तिचे तक्ते मराठीत, आणि पर्यवेक्षिका आली की ती गडबडीने मराठीत बोलायला लागते. तिला लेखी सांगा, की मुलांशी घरच्या भाषेतच बोलणं हे तुझं काम आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरतं. राज्यघटनेचं कलम ३५० क तर १९५६ पासून प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींबद्दल बोलतं आहे. नवा कायदा नको, आहे तो अंगणवाडीच्या दारापर्यंत आणा.

न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ साली नेमकं हेच केलं. त्यांची मधली पिढी इंग्रजीत गेली होती, भाषा फक्त म्हाताऱ्यांकडे उरली होती. त्यांनी ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, अशा बालवाड्या काढल्या आणि आजी-आजोबांनाच मुलांमध्ये आणून बसवलं. दिवसभर माओरीच बोलायचं. १९८७ मध्ये माओरी तिथली अधिकृत भाषा झाली. म्हणजे आधी म्हाताऱ्या बाया बालवाडीत बसल्या, कायदा मागून आला. अजूनही त्यांची लढाई संपलेली नाही, पण मधल्या पिढीत तुटलेला धागा त्यांनी जोडून घेतला. आपल्याकडे तर तो अजून पूर्ण तुटलेलाही नाही. आपल्याच देशात ओडिशाने २००७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून पहिलीच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, पुढे त्या एकवीस झाल्या. तिथेही अडचणी आल्या. पण ‘इतक्या भाषांत कसं शक्य आहे’ हा प्रश्न निदान त्यांनी निकालात काढला.

आश्रमशाळांचा प्रश्न जास्त अवघड आहे. सहा वर्षांचं मूल घर सोडून वसतिगृहात येतं, आजीची भाषा दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती उरते. शिवाय एका वर्गात कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली मुलं एकत्र असतात. सगळ्यांना आपापल्या भाषेत शिकवा असं म्हणणं सोपं आहे, जमणारं नाही. पण प्रवेशाच्या दिवशी मुलाची घरची भाषा विचारून नोंदवणं जमणारं आहे. ती नोंद असली तर निदान पहिली-दुसरीच्या वर्गावर ती भाषा जाणणारी एक व्यक्ती देता येईल, आणि बदल्या करताना भाषा हा एक निकष लावता येईल. संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्यांना गोष्टी सांगायला बोलावता येईल. आणि लिपीची अडचण तर नाहीच. संथाळीसाठी रघुनाथ मुर्मूंना १९२५ मध्ये ओल चिकी ही नवी लिपी घडवावी लागली, आपल्याकडे देवनागरी पुरते.

शहरातल्या अहिराणी घरांना मात्र सरकारची वाट बघायचं कारणच नाही. आजी घरात आहे, मूल घरात आहे, फक्त मधल्या माणसाने आड यायचं थांबवायचं आहे. मधलं माणूस म्हणजे मी. गेल्या वर्षी मी आईचे शब्द एका वहीत उतरवून घ्यायला लागले. जात्याच्या भागांची नावं, भाकरीच्या पिठाचे प्रकार, नातलगांना हाक मारायचे शब्द. तिने आठ-दहा दिवस सांगितले. मग एके दिवशी म्हणाली, ‘‘लिखीसन काय करशी? मनासंगे बोल ना.’’ तेव्हापासून घरात आम्ही दोघी अहिराणीतच बोलतो. माझी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. ती आमच्यात बसते, हसते, तिला सगळं कळतं. उत्तर मराठीत देते. कधीमधी एखादं वाक्य अहिराणीत बोलायला जाते, अडखळते आणि पुन्हा मराठीवर येते. तिच्या मोठमायच्या, म्हणजे आजीच्या, चेहऱ्यावर त्या एका वाक्याचा आनंद मी पाहिला आहे.

एक काम मात्र आपल्या सगळ्यांच्या हातात आहे आणि त्याची तारीखही ठरली आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल आणि मातृभाषा विचारेल. २०११ च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली सूचना स्पष्ट होती, की माणूस जी मातृभाषा सांगेल तीच लिहायची, ती भाषा की बोली हे ठरवणं त्यांचं काम नाही. येणाऱ्या अन्य भाषांसाठी वेगळा प्रश्न होता, तिथे मराठी सांगता येत होती. त्यामुळे कसमादेकरांनी, सुरगाणा-पेठकरांनी घाईत ‘मराठी लिहा’ म्हणू नये. लिहून झाल्यावर एकदा रकाना बघून घ्यावा.

मातृभाषेची व्याख्याही त्या सूचनांमध्ये होती. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती तुमची मातृभाषा. माझ्या आईच्या आणि माझ्या रकान्यात काय लिहायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. मुलीच्या रकान्यात मात्र मला मराठीच सांगावं लागेल. ती लहान होती तेव्हा मी तिच्याशी अहिराणीत बोलले नाही.